देवमाशाच्या गाठी आणि सराफाची कसोटी

रायपूर शहराला समुद्र नाही. पूर्वेचा बंगालचा उपसागर काय किंवा पश्चिमेचा अरबी समुद्र काय, दोन्ही तेथून शेकडो मैल दूर. तेथील सदर बाजार हा सराफांचा बाजार. अरुंद रस्ता, दुतर्फा सोन्याचांदीच्या पेढ्या आणि लग्नसराईत पाऊल ठेवायला जागा मिळू नये अशी गर्दी. या बाजारात हवा तो दागिना मिळेल. देवमाशाची मात्र तेथे कोणी कधी चौकशी केली असेल, असे वाटत नाही. पण गेल्या वर्षी याच सदर बाजारातील एका माडीवर मी चार दिवस पाहुणा म्हणून राहिलो, आणि त्या चार दिवसांत घरात अखंड चर्चा कशाची चालली होती म्हणाल, तर देवमाशाची!

हे माझ्या थोरल्या बहिणीचे सासर. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर आली. तेव्हा आणि त्यानंतरही जी मराठी घरे या मुलखात येऊन रुजली, त्यांपैकी हे एक. खाली पेढी, वर बिऱ्हाड. घरात मराठी, पेढीवर हिंदी आणि खेड्यातून आलेल्या गिऱ्हाइकाशी छत्तीसगढी, अशा तीन भाषा तेथे एकाच दिवसात सहज बोलल्या जातात. माझा भाचा त्या वेळी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. परीक्षेसाठी प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रकल्प करून दाखवावा लागतो. त्याने निवडलेला विषय ऐकून मी प्रथम हसलो. ड्रोनच्या पंख्याच्या पात्यांना देवमाशाच्या परावर असतात तशा गाठी ठेवल्या, तर त्यांवरून हवा कशी वाहील, याचे गणित संगणकावर करून पाहावयाचे, असा तो विषय होता.

"मामा, तुम्ही हसू नका," तो म्हणाला, "हे पहिल्यांदा ज्याला दिसले, तोही हसलाच होता."

त्याचे म्हणणे खरे होते. देवमाशाच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी हंपबॅक नावाच्या जातीला शास्त्रज्ञांनी मेगाप्टेरा, म्हणजे मोठ्या पंखांचा, असे नाव दिले आहे. हा प्राणी आपल्याला अगदीच परका नाही. अरबी समुद्रात त्याचा एक लहानसा समूह बारमाही राहतो. चौदा-पंधरा मीटर लांब, वजनाने ३० टनांच्या आसपास, आणि दोन बाजूंना वल्ह्यांसारखे दोन पर. हे पर शरीराच्या जवळजवळ एक तृतीयांश लांबीचे असतात. एवढा हा अवजड प्राणी. पण लहान माशांच्या थव्याभोवती बुडबुड्यांचे कडे सोडीत तो असा काही वळतो, की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. त्याच्या पराची पाण्याला कापणारी पुढची कड गुळगुळीत नसते. तिच्यावर एकीपुढे एक अशा ठळक गाठी असतात.

अमेरिकेतील एक प्राणिशास्त्रज्ञ, फ्रँक फिश हे त्यांचे नाव. आडनावातच मासा असलेला हा गृहस्थ एकदा बोस्टन शहरातील एका दुकानात गेला असता त्याला या देवमाशाची एक मूर्ती दिसली. मूर्तीच्या परांवर पुढच्या कडेला गाठी होत्या. विमानाच्या पंखाची पुढची कड गुळगुळीत असावी लागते, हे शास्त्राचे प्राथमिक पाठ. तेव्हा शिल्पकाराने गाठी चुकीच्या बाजूला लावल्या, असे फिश यांना वाटले आणि त्यांनी तसे बोलूनही दाखविले. दुकानदाराने त्यांना छायाचित्र दाखविले. शिल्पकाराची चूक नव्हती. गाठी खरोखरच पुढच्या कडेला होत्या.

विद्वानाला आपले हसणे चुकले, हे कळल्यावर त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. ते विसरून जावे, किंवा त्याचे कारण शोधीत बसावे. फिश यांनी दुसरा मार्ग पत्करला. २००४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पराच्या दोन प्रतिकृती, एक गुळगुळीत आणि एक गाठींची, अमेरिकेच्या नौदल अकादमीतील वातबोगद्यात ठेवून तपासल्या. पर प्रवाहाशी ज्या कोनात धरला असता त्याचा आधार सुटतो, तो कोन गाठींच्या पराच्या बाबतीत सुमारे ४० टक्क्यांनी अधिक भरला.

आधार सुटणे म्हणजे काय, हे थोडे समजावून घेतले पाहिजे. आगगाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये, ही सूचना आपण सर्वांनी वाचली आहे आणि बहुतेकांनी लहानपणी मोडलीही आहे. तळहात आडवा धरून पुढची कड किंचित वर केली, की हात उचलला जातो. कड आणखी वर केली, की अधिक उचलला जातो. पण एका मर्यादेपलीकडे ती उचल एकदम नाहीशी होते आणि हात नुसता मागे ढकलला जाऊ लागतो. पंखाचेही असेच असते. पंखाच्या पाठीला लगटून हवेचा जो पातळ थर वाहतो, तो पंखाशी घासून घासून मंद होतो. कोन फार वाढला, की त्या थकलेल्या थराला पाठीचे वळण धरून पुढे जाता येत नाही. तो पाठ सोडतो, त्याच्या जागी नुसती खळबळ उरते आणि पंखाचा आधार जातो. वैमानिक याला 'स्टॉल' म्हणतात, आणि या शब्दाची त्यांना धास्ती असते.

देवमाशाच्या गाठी येथे उपयोगी पडतात. दोन गाठींच्या मधल्या खळग्यांतून जाणारा प्रवाह पिळला जातो आणि त्यातून जोडीजोडीने लहान भोवरे निघतात. हे भोवरे वरचा ताजा, वेगवान प्रवाह खाली आणून त्या थकलेल्या थरात मिसळतात. त्यामुळे थर पाठ लवकर सोडत नाही. आणि सोडलीच, तर साऱ्या पंखावरून एकदम न सोडता तुकड्यातुकड्याने सोडतो. आधार जातो तो हळूहळू जातो. वळणावर असलेल्या देवमाशाला तेवढी सवड पुरते.

या पातळ थराचा शोध मुळात जर्मनीतला. लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ साली तो जगापुढे मांडला. मराठी श्रोत्यांनी येथे एक नाव अवश्य ध्यानात ठेवावे. महाराष्ट्रातील हसूरचंपू या गावी १९०८ साली जन्मलेले विष्णु माधव घाटगे हे गॉटिंगेन येथे याच प्रांट्ल यांचे शिष्य होते. तेथे डॉक्टरेट मिळवून ते भारतात परतले, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली बंगलोरला तयार झालेले एच. टी. २ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ साली आकाशात उडाले. हवेचा थर पाठ का सोडतो, या प्रश्नाशी आपले नाते असे जुने आहे.

आता प्रश्न उरतो तो ड्रोनचा. छत्तीसगड हा भाताचा मुलूख. शेतकऱ्याच्या पाठीवरचा फवारणीचा पंप उतरवून ते काम ड्रोनवर सोपवावे, असा विचार अलीकडे पुढे आला आहे. केंद्र सरकारने २०२३ साली महिला बचत गटांना शेतीसाठी ड्रोन देण्याची योजना मंजूर केली, तीही याच विचारातून. पण ड्रोनची बॅटरी काही मिनिटांतच संपते. औषधाने भरलेली टाकी घेऊन तो बांधावरून निघतो, तोच आडवा वारा सुटतो आणि पात्यावर येणाऱ्या हवेचा कोन क्षणात बदलतो. पात्याचा आधार अशा वेळी टिकला, तर ड्रोन टिकेल; गेला, तर औषध भलतीकडे आणि यंत्र चिखलात. माझ्या भाच्याच्या डोळ्यांपुढे हे चित्र होते. गुणांपुरता विषय त्याने निवडला नव्हता.

त्याच्याजवळ वातबोगदा नव्हता, तेव्हा त्याने गणिताचा आश्रय घेतला. हवापाण्याच्या वाहण्याचे नियम नाव्ह्ये या फ्रेंच अभियंत्याने १८२२ साली आणि स्टोक्स या गणितज्ञाने १८४५ साली समीकरणांत मांडले. समीकरणे दिसायला आटोपशीर, पण सोडवायला महाकठीण. म्हणून युक्ती अशी करतात, की पात्याभोवतालची सारी जागा लहान लहान घरांत विभागावयाची, जणू काय तिच्यावर त्रिमिती जाळे टाकावयाचे. मग एकेका घराचा हिशोब मांडावयाचा. शेजारच्या घरातून किती हवा आली, किती गेली, येताना किती जोर घेऊन आली. प्रत्येक घराचे उत्तर शेजाऱ्यांवर अवलंबून, म्हणून हिशोब पुनःपुन्हा फिरवावा लागतो. आणि अखेरीस सगळ्यांचे जमाखर्च जुळले, की प्रवाहाचे चित्र तयार होते.

असा हिशोब संगणकाच्या जन्मापूर्वी हाताने करून पाहणारा एक माणूस होऊन गेला. लुइस रिचर्डसन हा इंग्रज पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करीत होता. त्या धामधुमीत त्याने १९१० सालच्या मे महिन्यातील एका दिवसाचे हवामान समीकरणांवरून काढण्याचा प्रयत्न केला. उत्तर आले, की सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबार बदलेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिर होता. हे चुकलेले उत्तर त्याने लपविले नाही. १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ते साद्यंत छापले आणि चुकीची कारणेही शोधली. आज आपण रोज ऐकतो ते हवामानाचे अंदाज ज्या पद्धतीने काढले जातात, तिचा पाया त्या फसलेल्या गणितात आहे.

माडीवर हे गणित रात्रभर चाले. संगणकाचा पंखा घरघरत असे आणि बहीण मधूनमधून वर येऊन, "अरे, त्याला जरा झोपू दे आणि तूही झोप," असे म्हणून जात असे. माझ्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा आनंदाने ओरडतच खाली आला. गाठींच्या पात्याने गुळगुळीत पात्यावर मोठी मात केली होती. रेटा वाढला होता आणि शक्ती कमी लागत होती. पडद्यावर लाल, पिवळ्या, निळ्या रेषांचे भोवरे इतके सुंदर दिसत होते, की माझ्यासारख्या अनभिज्ञाचाही त्यांवर विश्वास बसला. अहवाल द्यायला पंधरा दिवस उरले होते. त्याने निष्कर्षाचे पान लिहूनही टाकले.

त्याचे आजोबा पेढीच्या गादीवर बसले होते. वय ऐंशीच्या घरात. त्यांनी पडद्याकडे पाहिले, चित्राचे कौतुक केले आणि विचारले, "हा कस तू कोणत्या सोन्याशी ताडून पाहिलास?"

भाच्याला प्रश्न कळला नाही. तेव्हा म्हाताऱ्याने गल्ल्याजवळचा काळा दगड पुढे ओढला. सोन्याची शुद्धता आता यंत्रे सांगतात आणि दागिन्यावर हॉलमार्कचा शिक्काही असतो. पण हा दगड त्यांनी अजून जवळ ठेवलेला आहे. "गिऱ्हाइकाने आणलेला दागिना यावर घासला, की पिवळी रेघ उमटते," ते म्हणाले. "नुसती ती रेघ पाहून काहीच कळत नाही. पितळेचीही रेघ पिवळीच असते. म्हणून शेजारी माहीत असलेल्या सोन्याची रेघ ओढायची आणि मग दोन्ही मिळवून पाहायच्या. तुझी माहीत असलेली रेघ कोणती?"

मुलगा काही वेळ गप्प राहिला. नवीन पात्याचे गणित त्याने केले होते, पण ज्या पात्याची मोजमापे आधीच झालेली आहेत, त्याचे गणित करून उत्तर जुळते की नाही, हे त्याने पाहिलेच नव्हते. अशी मोजमापे उपलब्ध आहेत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने लहान विमानांचे कितीतरी पंखे वातबोगद्यात तपासून त्यांचे आकडे सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. त्यांतील एक साधा पंखा त्याने निवडला, आपल्या जाळ्यात बसविला आणि रात्रभर गणित चालविले. सकाळी उत्तर आले, ते मोजलेल्या आकड्यांपासून बरेच दूर होते. पितळेची रेघ!

चूक जाळ्यात होती. पात्याच्या पाठीलगतचा तो थर मिलिमीटरच्या अंशाएवढा पातळ, आणि याची घरे त्याहून जाड. कोळ्याने मोठ्या आसांचे जाळे टाकून बारीक मासळी धरू पाहावी, तसा हा प्रकार. घरे बारीक केली पाहिजेत, हे उघड होते. पण घराची प्रत्येक बाजू निम्मी केली, की घरांची संख्या आठपट होते. रात्रीचे काम आठवड्यावर जाते. शेवटी त्याने दूरची घरे मोठी ठेवून केवळ पात्यालगत बारीक केली. मी मुंबईस परतल्यावरही फोनवरून हकीकत कळत राहिली. साध्या पंख्याचे उत्तर मोजमापांच्या जवळ आले. मग त्याच जाळ्याने गाठींचे पाते पुन्हा तपासले, आणि पहिल्या निष्कर्षातील बहुतेक सोने उडून गेले!

नेहमीच्या संथ उड्डाणात गाठींचे पाते गुळगुळीत पात्याहून किंचित कमीच भरले. कोन बराच वाढल्यावर, म्हणजे गुळगुळीत पात्याचा आधार सुटल्यावर मात्र, गाठींचे पाते तग धरून राहिले. हे काही त्याचे एकट्याचे दुर्दैव नव्हते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात गाठींच्या पंखांची मोजमापे आहेत. तीही हेच सांगतात. आधार सुटण्यापूर्वी उचल कमी आणि रोध अधिक. सुटल्यानंतर मात्र उचल गुळगुळीत पंखापेक्षा ५० टक्क्यांपर्यंत अधिक.

आणखी एक गोष्ट आहे. देवमाशाचा पर हातभर रुंद आणि पाणी दाट. ड्रोनचे पाते दोन बोटे रुंद आणि हवा विरळ. वाहत्या पदार्थाचा जोर आणि त्याची चिकटाई यांचे जे गुणोत्तर, त्याला रेनॉल्ड्झ अंक म्हणतात. देवमाशाच्या पराला तो दहा लाखांच्या वर जातो. हातभर लांबीच्या पंख्याच्या पात्याला एक लाखाच्याही आत राहतो. लहान पात्याला हवा अधिक चिकट भासते, असे म्हटले तरी चालेल. म्हणून निसर्गाची आकृती जशीच्या तशी उचलून दुसरीकडे लावली, की गुणही बरोबर येतो, असे मानता येत नाही. हत्तीची झूल उंदरावर घालून उंदीर डौलात चालेल काय?

भाच्यापुढे आता खरी परीक्षा उभी राहिली. पहिले उत्तर देखणे होते आणि ते कोणी तपासून पाहिले असते, असेही नाही. दुसरे उत्तर खरे होते. पण 'लाभ थोडा, आणि तोही ठरावीक प्रसंगीच' असे सांगणारा अहवाल परीक्षकांना कितपत रुचेल, याची त्याला धास्ती होती. त्याचे सोबती म्हणाले, की पहिलीच चित्रे लाव. दोन दिवस तो जेवायलाही नीट बसला नाही, असे बहिणीने कळविले.

तिसऱ्या दिवशी त्याने वेगळेच केले. दोन्ही प्रकारची पाती त्रिमिती छपाईयंत्रावर छापून आणली, मोटरीला उलटी बसविली, सभोवार तारेची जाळी लावली आणि ते सारे जुगाड पेढीतील मोठ्या काट्यावर ठेवले. पंखा फिरला, की हवा वर फेकली जाई आणि काटा खाली दाबला जाई. दाब ग्रॅममध्ये समोर दिसे. गिऱ्हाईक नसलेल्या एका दुपारी नातू, आजोबा आणि पेढीवरचे कारागीर असे सगळे त्या काट्याभोवती उभे होते. दोन्ही पात्यांच्या दाबात नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. जो पडला, तो गुळगुळीत पात्याच्या बाजूने. गणित हेच म्हणत होते. वाऱ्याच्या झोतातला प्रयोग मात्र पेढीत करता येण्यासारखा नव्हता, आणि तो केलेला नाही, हेही त्याने अहवालात नमूद केले. पहिले चुकलेले उत्तरही त्याने काढून टाकले नाही. ते का चुकले, याचे एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. रिचर्डसनची गोष्ट तोवर त्याच्या वाचनात आली होती.

हे गणित करण्यास आज फार मोठे भांडवल लागत नाही. ओपनफोम नावाची प्रवाहगणिताची आज्ञावली कोणालाही फुकट वापरता येते, आणि मुंबईच्या आय. आय. टी. मधील 'फॉसी' हा प्रकल्प देशभरातील विद्यार्थ्यांना तिच्या वापरास उत्तेजन देतो. रायपूरच्या माडीवर बसून जे साधते, ते अकोल्यास, बेळगावास किंवा सावंतवाडीसही साधेल. पण साधन जेवढे सुलभ, तेवढी ही जोखीम मोठी, की संगणक कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देतो. जाळे जाड असले तरी देतो, प्रश्न चुकीचा असला तरी देतो, आणि तेही रंगीत चित्रांसह देतो. त्या उत्तरावर विसंबून उद्या कोणी यंत्र बनविणार असतो, आणि ते यंत्र एखाद्या बाईच्या हातात, तिच्या शेतावर, वाऱ्यात उडणार असते. म्हणून आपल्या उत्तराशेजारी माहीत असलेल्या सोन्याची रेघ ओढून पाहण्याचे काम उत्तर काढणाऱ्याचेच आहे. ते त्याने दुसऱ्यावर सोडू नये.

तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी म्हणे पहिला प्रश्न त्या चुकलेल्या उत्तरावरच विचारला, आणि अर्धा तास त्यावरच बोलणे झाले. गुण किती मिळाले, हे मी विचारले नाही. भाचा सध्या वाऱ्याच्या झोतासाठी लाकडी खोक्याचा एक लहानसा वातबोगदा जुळवीत आहे. त्यासाठी माडीवर जागा पुरत नाही, म्हणून आजोबांनी पेढीमागची, जुन्या तिजोऱ्या ठेवण्याची खोली त्याला रिकामी करून दिली आहे.